तू हो पुढे

पावागडावर रोपवेतून उतरल्यानंतर कालिकामातेच्या देवळापर्यंत ज्या पायऱ्या उरतात, त्या चढताना माझी धाकटी बहीण त्या चैत्रात सात वेळा थांबली. पहिल्यांदा तिने चपलेचा पट्टा सारखा केला. दुसऱ्यांदा ओटीचा नारळ एका पिशवीतून काढून दुसऱ्या पिशवीत ठेवला. तिसऱ्यांदा खाली पसरलेल्या चांपानेरच्या मशिदींचे घुमट तिने माझ्या नातवंडांना दाखवले, आणि दाखवता दाखवता चांगली दोन मिनिटे काढली. पुढच्या वळणावर तिला कारण सुचले नसावे, ती कठड्याला टेकली आणि म्हणाली, "ताई, तू हो पुढे, मी आलेच." मी पुढे झाले. सात हा आकडा मी त्या दिवशी मोजलेला नाही. तो मी दीड वर्षानंतर, एका रुग्णालयाच्या बाकावर बसून, ती वाट मनात पुन्हा चढत मोजला.

मी तीस वर्षे परिचर्येच्या विद्यार्थिनींना शरीरक्रियाशास्त्र शिकवले. फुप्फुसांच्या रक्ताभिसरणाला अभ्यासक्रमात दोन तास होते आणि त्या दोन तासांत मी दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहीत असे: हृदयाची डावी बाजू मिनिटाला जेवढे रक्त सगळ्या शरीराला पुरवते, तेवढेच रक्त उजवी बाजू एकट्या फुप्फुसांतून पाठवते, आणि तेही साधारण एक षष्ठांश दाबाने. मुलींना या वाक्याचे नवल वाटावे म्हणून मी हातातला खडू खाली ठेवून क्षणभर थांबत असे. मला स्वतःला ते नवल कधी शिळे वाटले नाही. मिनिटाला पाच लिटर रक्त विश्रांतीत, आणि जिना चढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट, तरीही फुप्फुसांच्या धमनीतला सरासरी दाब विश्रांतीत पाऱ्याच्या अवघ्या चौदा मिलिमीटरच्या आसपास. हे सारे मला तोंडपाठ होते, आणि माझी सख्खी बहीण माझ्या मागे चार पायऱ्यांवर उभी राहून श्वास गोळा करत होती, तेव्हा मी प्रसादाच्या रांगेचा विचार करत होते.

आमच्या घरात दम हा शब्द फार वापरला जाई. वडील बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात वाढलेले. प्राध्यापक माणिकरावांच्या शिष्यांच्या शिष्यांकडून ते मल्लखांब शिकले होते, आणि माणसाची किंमत त्याच्या दमसासावरून करण्याची त्यांना सवय होती. मराठीत हा एकच शब्द किती ठिकाणी राबतो पाहावे. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे ताकद. दम धरायचा म्हणजे धीर धरायचा, दम द्यायचा म्हणजे धाक घालायचा, आणि ज्याच्यात दम नाही त्याच्यात काहीच नाही. त्यामुळे "मला दम लागतो" असे म्हणणे आमच्या घरात थोडेसे कमीपणाचे होते. ते वाक्य ऐकणाऱ्यालाही दोनच वाटा सुचत: एक, बाईने शरीर कमावलेले नाही, दोन, बाईला दमा आहे. धाकटीच्या बाबतीत आधी पहिली वाट झाली, मग दुसरी.

मूळ गोष्ट आजार कळण्याच्या चार वर्षे आधीची होती. आमच्या जुन्या वाड्याचा लाकडी दादर उतरताना ती घसरली आणि उजव्या पायाचे घोट्याजवळचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. प्लास्टर निघाल्यावर पोटरी सुजलेली आणि दुखरी राहिली, ते सगळ्यांनी गृहीतच धरले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एका रात्री तिच्या उजव्या कुशीत कळ आली. श्वास आत घेतला की सुरी फिरवल्यासारखे दुखे. उसण भरली, असे सर्वांचे मत पडले. मीठ गरम करून पुरचुंडीने शेक दिला, बाम लावला, चार दिवसांत कळ गेली आणि घर ते विसरून गेले. पोटरीच्या शिरेत साकळलेले रक्त सुटून, हृदयाच्या उजव्या बाजूतून वाहत जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते, तेव्हा माणसाला नेमकी अशीच कळ येऊ शकते. हे वाक्यही मी शिकवलेले होते.

बहुतेकांच्या फुप्फुसातल्या अशा गुठळ्या औषधाने आणि शरीराच्या स्वतःच्या यंत्रणेने काही महिन्यांत विरघळून जातात. शंभरातल्या दोन-चार जणांच्या मात्र पूर्ण विरघळत नाहीत. त्या धमनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, त्यांचे तंतू होतात, पडदे होतात, आणि वाहत्या रक्ताची वाट कायमची अडून राहते. उरलेल्या मोकळ्या धमन्यांतून सगळे रक्त जाऊ लागते, त्यांच्यावर ताण येतो, आणि त्यांच्याही भिंती हळूहळू जाड होतात. फुप्फुसीय उच्च रक्तदाबाचा हा एक प्रकार आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतो त्या रक्तदाबाशी त्याचा संबंध नाही. तो पट्टा कितीही वेळा बांधला तरी फुप्फुसातल्या दाबाविषयी काही सांगत नाही. धाकटीचा पट्ट्यावरचा रक्तदाब नेहमी १२० आणि ८० असे, आणि ती तो अभिमानाने सांगत असे.

पुढची तीन वर्षे ती ज्या तपासण्यांतून गेली त्या सगळ्या बसून किंवा पडून केलेल्या होत्या. ईसीजी काढला, तो ठीक आला. छातीचा एक्स-रे ठीक आला. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कोणाला काही वावगे दिसले नाही. एका ठिकाणी वजन कमी करायला सांगितले, दुसऱ्या ठिकाणी पाळी जाण्याच्या वयात असे होतेच म्हणून समजूत घातली, तिसऱ्या ठिकाणी दम्याचा पंप दिला, जो तिने दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ निष्ठेने ओढला. करोनाच्या साथीत घरोघरी आला तसा आमच्याकडेही ऑक्सिमीटर आला होता. धाकटी सोफ्यावर बसून बोट त्यात घाली, ९७ आकडा येई आणि घर निश्चिंत होई. सहा मिनिटे चालून पुन्हा बोट घालावे, ही सूचना त्या काळात वर्तमानपत्रांतूनसुद्धा छापून आली होती. ती आम्ही ज्याला ताप आला त्याच्यापुरती पाळली.

या काळात तिने जे केले ते मला आज सर्वांत जास्त लागते. तिने आपले जगणे बेतून घेतले. खंडेराव मार्केटमधून भाजी एकदम आणण्याऐवजी ती दारावरच्या लारीवरून थोडी थोडी घेऊ लागली. वरच्या मजल्यावर वाळत घालायचे कपडे खालच्या पडवीत दोरी बांधून घालू लागली. मंगळागौरीला खेळ खेळायच्या वेळी ती फराळाची ताटे मांडायला आत जाई. चालताना बोलणे तिने सोडले, कारण दोन्ही एका वेळी होत नसे, आणि आम्ही म्हणत असू की धाकटी हल्ली शांत झाली आहे. अशा रीतीने ज्या ज्या कामात श्वास उघडा पडला असता ते ते काम तिने एकेक करून वगळले, आणि डॉक्टरांनी "काय त्रास होतो?" असे विचारले की ती प्रामाणिकपणे म्हणे, "तसा काही नाही, जिना चढताना जरा."

निरोगी फुप्फुसात व्यायामाच्या वेळी काय होते ते समजल्याशिवाय या "जरा"चे वजन कळणार नाही. आपण स्वस्थ बसलेलो असताना फुप्फुसांतल्या पुष्कळशा केशवाहिन्या, विशेषतः वरच्या भागातल्या, बंद किंवा अर्धवट मिटलेल्या असतात. चालू लागलो की रक्ताचा ओघ वाढतो, तशा त्या उघडतात आणि ज्या उघड्या आहेत त्या थोड्या रुंदावतात. ओघ कितीतरी पट वाढूनही दाब त्या मानाने थोडाच वाढतो तो या सोयीमुळे. वाहिन्यांचा विरोध उलट कमी होतो. रक्ताची एक तांबडी पेशी विश्रांतीत फुप्फुसाच्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते, आणि तिला ऑक्सिजन भरून घ्यायला त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. म्हणजे वाट आणि वेळ, दोन्हींची शिल्लक शरीराने राखून ठेवलेली आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला हे मांडवीच्या उदाहरणाने चटकन कळेल. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आतल्या जुन्या गावात गल्ल्यांचे इतके जाळे आहे, की एरवी मंगळवारी दुपारी त्यातल्या निम्म्या गल्ल्या खोदून ठेवल्या तरी माणूस दुसऱ्या पोळातून वळून वेळेवर पोहोचतो आणि रस्ता बंद आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. गणपती विसर्जनाच्या दिवशी मात्र त्याच गल्ल्यांतून सगळे गाव एकदम बाहेर पडते, आणि कुठली वाट बंद आहे ते पहिल्या दहा मिनिटांत सर्वांना कळते. फुप्फुसांचेही तसेच आहे. तिथल्या वाहिन्यांपैकी बराच मोठा भाग निकामी झाल्याखेरीज विश्रांतीतला दाब फारसा वाढत नाही. तोवर शिल्लक खर्ची पडत असते, आणि ज्याची शिल्लक संपत आली आहे त्या माणसाला ते फक्त जिन्यावर, चढावर, लग्नघरातल्या धावपळीत कळते. आम्ही धाकटीच्या सगळ्या तपासण्या मंगळवारच्या दुपारी केल्या होत्या.

ज्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा वेगळे काही केले त्या वयाने माझ्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान होत्या. त्यांनी जुनी फाईल बाजूला ठेवली, धाकटीला "आधी काय करत होता आणि आता काय करत नाही?" असे विचारले, आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलल्या नाहीत. पाय मोडला होता हे त्यात आले, उसण भरली होती हेही आले. मग त्या तिला बाहेरच्या तीस मीटरच्या पट्ट्यावर घेऊन गेल्या. सहा मिनिटांच्या चालण्याची ही चाचणी दिसायला इतकी साधी आहे, की तिला चाचणी म्हणायला संकोच वाटावा. तिचे मूळ केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या बारा मिनिटांच्या धावण्यात आहे. छातीच्या रुग्णांसाठी त्याचे बारा मिनिटांचे चालणे झाले, आणि १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये ते सहा मिनिटांवर आणले गेले. नियम थोडे पण कडक आहेत. धावायचे नाही. आपल्या चालीने, पण जमेल तेवढे अंतर कापायचे. थांबावेसे वाटले तर भिंतीला टेकून थांबायचे, मात्र घड्याळ थांबत नाही. चाचणी घेणाऱ्यानेही ठरलेल्या वाक्यांपलीकडे उत्तेजन द्यायचे नाही, कारण प्रेमाने केलेल्या आग्रहानेसुद्धा अंतर वाढते.

त्या पट्ट्यावर सावरायला चपलेचा पट्टा नव्हता आणि दाखवायला घुमट नव्हते. तिसऱ्या मिनिटाला धाकटी भिंतीला टेकली, आणि तिने सवयीने माझ्याकडे पाहून काहीतरी सबब शोधली असावी, कारण तिचे ओठ हलले, पण मग ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "दम लागला." तिच्या बोटावरचा आकडा ९७ वरून ८७ वर आला होता. सहा मिनिटांत ती ३१८ मीटर चालली. बसल्यावर दोनच मिनिटांत तो आकडा पुन्हा ९६ झाला, आणि मला प्रथमच समजले की गेली चार वर्षे तिचा आजार आमच्या डोळ्यांसमोर असाच येत होता आणि बसल्याबरोबर असाच निघून जात होता.

पुढचे निदान त्या मानाने भराभर झाले. तोंडाला मुखवटा लावून सायकल चालवण्याच्या तपासणीत असे दिसले की ठरावीक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी तिला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त हवा आत-बाहेर करावी लागते. म्हणजे फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा पोहोचते त्यांतल्या काहींत रक्तच पोहोचत नाही आणि तो श्वास वाया जातो. फुप्फुसातली हवा आणि फुप्फुसातले रक्त यांची वेगवेगळी चित्रे काढणाऱ्या व्ही-क्यू स्कॅनने ते उघड केले. हवेचे चित्र भरलेले होते, रक्ताच्या चित्रात कडेकडेला पाचरीसारखे तुकडे कोरे होते. जुन्या गुठळ्या शोधण्यासाठी ही तपासणी अजूनही अत्यंत विश्वासाची मानली जाते, आणि दम लागणाऱ्या रुग्णासाठी तिची शिफारस होईपर्यंत वर्षे जातात याचे मला मनापासून दुःख आहे. एवढे होऊनही दाब नेमका किती हे सांगायला एकच मार्ग उरतो: नळी थेट उजव्या हृदयात घालून मोजणे.

त्या तपासणीसाठी आम्ही दुसऱ्या शहरात गेलो. आदल्या रात्री धाकटीला झोप येईना, तेव्हा मी तिला वेर्नर फोर्समान यांची गोष्ट सांगितली, जी मी वर्गात सांगत असे. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे या लहान गावात या तरुण डॉक्टरला असे वाटत होते की दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सुखरूप नेता येईल. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. शस्त्रक्रियेच्या साहित्याची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होती. तिने प्रयोगासाठी स्वतःला पुढे केले. फोर्समान यांनी तिला टेबलावर बांधले, आणि नळी मात्र स्वतःच्या दंडात सारली. मग तिला सोडवून, ती नळी तशीच शिरेत ठेवून, दोघे जिन्याने क्ष-किरण विभागात गेले, आणि तिथे नळीचे टोक उजव्या कर्णिकेत पोहोचल्याचे चित्र त्यांनी काढून घेतले. त्यांच्या वाट्याला आधी उपेक्षा आली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० च्या दशकात त्याच वाटेने हृदयाचे आणि फुप्फुसांचे मोजमाप उभे केले, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. धाकटीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि त्या परिचारिकेचे पुढे काय झाले?" इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थिनीने हे विचारले नव्हते, आणि मलाही विचारावेसे वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नळी आत असताना तिला आडवे ठेवूनच पायांनी सायकल मारायला लावली. विश्रांतीत तिच्या फुप्फुस-धमनीतला सरासरी दाब २३ निघाला, आणि हृदय मिनिटाला ४.२ लिटर रक्त पाठवत होते. पेडल मारताना रक्ताचा ओघ ८.४ लिटरपर्यंत गेला आणि दाब ४४ झाला. डाव्या बाजूचे दाब चांगले होते, म्हणजे अडथळा फुप्फुसातच होता.

२३ या आकड्यापाशी मी अडले, आणि अजूनही माझे मन तिथेच घुटमळते. १९६० च्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या काही देशांत अमिनोरेक्स नावाचे भूक मारणारे औषध घेणाऱ्यांत फुप्फुसीय उच्च रक्तदाबाची साथच आली. त्यानंतर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक घेतली, आणि या आजाराची रेषा विश्रांतीतल्या २५ मिलिमीटरवर राहिली. ती रेषा सावधगिरीने, थोडी वरच, आखलेली होती. ती पंचेचाळीस वर्षे टिकली. २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी तेरा देशांतल्या ४७ अभ्यासांमधून १,१८७ निरोगी माणसांची मोजमापे एकत्र करून प्रसिद्ध केली, तेव्हा विश्रांतीतला सरासरी दाब १४ आणि निरोगीपणाची वरची कड सुमारे २० असल्याचे स्पष्ट झाले. २०१८ मध्ये नीस येथल्या जागतिक परिसंवादात रेषा २० वर आली, आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती स्वीकारली. माझ्या बहिणीची नळी तपासणी पाच-सहा वर्षे आधी झाली असती, तर २३ आकड्याच्या कागदावर 'आजार नाही' असे लिहून तिला घरी पाठवले गेले असते, आणि लिहिणाऱ्याची त्यात काही चूक ठरली नसती.

व्यायामातल्या दाबाची कहाणी याहून वळणांची आहे. पूर्वीच्या व्याख्येत व्यायामाच्या वेळी ३० च्या वर गेलेला दाबही आजारात धरला जात असे. पण त्याच ग्राझच्या मोजमापांत असे दिसले की पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांचा दाब थोड्याशा श्रमातच सरासरी २९ पर्यंत जातो. वयाप्रमाणे वाहिन्या ताठ होतात, आणि कोणी किती जोर लावला यावरही दाब ठरतो. मग एकट्या ३० ला अर्थ काय? म्हणून, ती मोजमापे छापून येण्याआधीच, २००८ च्या जागतिक परिसंवादात व्यायामाची व्याख्या वगळली गेली. शास्त्र म्हणून तो निर्णय बरोबर होता, हे मी मान्य करते. तरीही त्यामुळे चौदा वर्षे अशी गेली की जी माणसे फक्त जिन्यावरच आजारी होती त्यांच्यासाठी व्याख्येत जागाच नव्हती. या वर्षांत काही संशोधकांनी चिकाटीने प्रश्नच बदलला. दाब किती झाला हे न विचारता, रक्ताचा ओघ एका लिटरने वाढला की दाब किती वाढतो, असे त्यांनी विचारले. २०२२ मध्ये व्यायामाची व्याख्या परत आली ती या उताराच्या रूपाने: दर लिटरमागे ३ मिलिमीटरहून जास्त वाढ. धाकटीचा ओघ ४.२ लिटरने वाढला आणि दाब २१ ने. म्हणजे दर लिटरला ५. पावागडाच्या सात थांब्यांचा अर्थ मला या भागाकारात मिळाला.

त्या रात्री मला आई आठवली. वाड्याच्या मागच्या अंगाला, एकच झरोका असलेल्या स्वयंपाकघरात तिने पस्तीस वर्षे रांधले, आधी चुलीवर आणि मग कोळशाच्या शेगडीवर. शेवटच्या वर्षांत तिला धाप लागे, पावले सुजत, ओठ निळसर दिसत, आणि आम्ही ते म्हातारपण समजलो. डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीत अशाच रुग्णांचा अभ्यास करून १९५९ मध्ये १२७ जणांची माहिती प्रसिद्ध केली होती. फुप्फुसांच्या जुनाट विकाराने हृदयाची उजवी बाजू खचते, हा आजार पाश्चात्त्य देशांत मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मानला जाई. त्यांना तो धूम्रपान न करणाऱ्या बायकांत मोठ्या प्रमाणावर दिसला, आणि त्यांचे बोट स्वयंपाकघरातल्या धुराकडे गेले. आई तेव्हा तरुण होती. श्वासातल्या हवेत ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या वाहिन्या आवळतात, हे तर स्टॉकहोमच्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्येच दाखवले होते. हे सगळे ग्रंथालयात होते. आईच्या झरोक्यापर्यंत ते आले नाही, आणि ते आणण्याचे काम खरे तर माझ्यासारख्यांचे होते.

धाकटीच्या गुठळ्या धमन्यांच्या मोठ्या फांद्यांत असत्या तर छाती उघडून, शरीर थंड करून, रक्ताभिसरण थोडा थोडा वेळ पूर्ण थांबवून त्या आतून सोलून काढता आल्या असत्या. ती शस्त्रक्रिया मोठी आहे पण अनेकांना आजारातून मुक्त करते. तिच्या गुठळ्या लहान फांद्यांत निघाल्या. तिथे बारीक फुगा नेऊन पडदे फाडण्याची पद्धत जपानी डॉक्टरांनी सुधारून सुरक्षित केली आहे, आणि तशा तीन बैठका तिच्या आतापर्यंत झाल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता आयुष्यभर. पंप बंद झाला. तो तिने कचऱ्यात टाकला नाही, देवघराच्या खालच्या खणात ठेवला आहे, का ते मी विचारलेले नाही.

राहिला प्रश्न चालण्याचा. घरात सगळ्यांचे म्हणणे पडले की आता तिने बसून राहावे, आणि ते केवळ प्रेमापोटी नव्हते. वैद्यकाचेही मत बरीच वर्षे तेच होते. या आजारात श्रम केले तर उजवे हृदय अचानक दगा देईल, ही भीती निराधार नव्हती. २००६ मध्ये हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांवर एक काळजीपूर्वक प्रयोग प्रसिद्ध केला. औषधे स्थिर असलेल्या रुग्णांतल्या निम्म्यांना त्यांनी तीन आठवडे रुग्णालयात देखरेखीखाली हलका व्यायाम, चालणे आणि श्वसनाचे प्रकार शिकवले आणि मग बारा आठवडे घरी करायला लावले. पंधरा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या सहा मिनिटांच्या अंतरात सरासरी १११ मीटरचा फरक होता. तीस माणसे म्हणजे फार नव्हेत, पण त्यानंतरच्या अभ्यासांनीही दिशा तीच दाखवली, आणि आता औषधोपचार नीट बसल्यावर देखरेखीखालचा व्यायाम उपचाराचाच भाग मानला जातो. वडील असते तर त्यांना आनंद झाला असता. फक्त त्यांना एक गोष्ट नव्याने शिकावी लागली असती: इथे थकवा दिसला की त्यावर मात करायची नाही, तिथेच थांबायचे.

आता आम्ही दोघी सकाळी साडेसहाला कमाटीबागेत जातो. डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या बेताने सपाटीवरची एक फेरी, मग बाक, मग दुसरी. धाकटीच्या पिशवीत ऑक्सिमीटर आणि एक लहान वही असते. मागच्या आठवड्यात विश्वामित्रीवरच्या पुलाचा चढ तिने पहिल्यांदा घेतला. मी सवयीप्रमाणे दोन पावले पुढे होते. मागून तिचा आवाज आला, "ताई, थांब. दम लागला." आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. खाली नदीच्या काठावर एक मगर उन्हाला पडलेली होती, पण तिच्याकडे आम्ही नंतर पाहिले. धाकटीने बोट ऑक्सिमीटरमध्ये घातले, आकडा ९२ वर थांबला. तिने वहीत तारीख लिहिली, त्यापुढे ९२ लिहिले, आणि आणखी एक मिनिट हवे म्हणाली.